सत्तर टक्के, पण कशाचे?

तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला, महापालिकेच्या माणसाला, फोनवर भाषणाचा विषय सांगितला 'कुत्र्यांचा बंदोबस्त'. मी म्हटलं, अहो तो करून झालाय, 1832 साली मुंबईत. इंग्रज सरकार एका भटक्या कुत्र्यामागे 8 आणे द्यायचं, मग काय, पोलीस मारतच सुटले, आणि 6 जूनला फोर्टात पारशी मंडळींनी दंगल केली, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला फार मान. तर बंदोबस्त राहू द्या, आज आपण हिशोबाबद्दल बोलू.

रेबीजचं साधं गणित आहे, एखाद्या भागातल्या 100 कुत्र्यांपैकी 70 जणांना लस मिळाली की साथ पुढे सरकत नाही. पण 100 म्हणजे कुठली 100? गल्लीतली तर आलीच, पण तुमच्या सोफ्यावर झोपणारा तो गुबगुबीत लॅब्रॅडॉर पण त्यातच येतो हो. गल्लीतल्यांचं महापालिका बघते, नसबंदी करते, लस टोचते, कानाला खूण करते आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडते. यावरून आम्ही भरपूर शिव्या खातो, पण केंद्राचे 2023 चे नियम तसेच आहेत, आणि त्यात अर्थ पण आहे, कारण जागा रिकामी झाली की शेजारच्या गल्लीतलं, लस न झालेलं कुत्रं येऊन बसतं. 2025 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने शाळा, हॉस्पिटलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन यांना वेगळं काढलं, तिथून उचललेलं परत तिथे सोडायचं नाही. ठेवायचं कुठे, ते परत महापालिकेनेच बघायचं.

आता सोफ्यावरच्याकडे येऊ. त्याची लस, नसबंदी, लायसन सगळं मालकाच्या डोक्यावर, नियमातच आहे. आणि लायसनला लोक जाम कंटाळा करतात. त्यात आपलीही चूक आहे, 1949 च्या महापालिका कायद्यात कुत्र्यांवरचा कर चक्क थिएटर टॅक्सच्या पंगतीत बसलाय, त्यामुळे लोकांना वाटतं पालिका पैसे काढतेय. अहो, पुण्यात लायसनची फी किरकोळ, त्यात पालिकेचं काय होणार? लायसन काढताना अँटिरेबीजचा दाखला लागतो, खरी गोष्ट ती आहे. ती नोंद नसेल तर 70 टक्के कशाचे काढायचे आम्ही?

गोव्याने हे करून दाखवलं. मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार मिळून दारोदार फिरले, पाळीव कुत्री लोकांनी उचलून आणली, रस्त्यावरची जाळीने धरली, प्रत्येक लस मोबाईल ॲपमध्ये नोंदवली, कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण केली आणि नंतर परत फिरून मोजलं, रंगवाली किती दिसतात न् बिनरंगाची किती. 2021 ला गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. धरपकड तर सगळेच करतात, मोजणी कोणी करत नाही.

मांजरांचं लायसन पुण्याने 2022 ला आणलं तेव्हा व्हॉट्सॲपवर काय जोक फिरले! पण मांजरालाही रेबीज होतो, ते चावलं तरी इंजेक्शनं घ्यावीच लागतात, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात मांजरी गाभण राहू शकते, साधारण दोन महिन्यांत पिल्लं, मग पार्किंगमध्ये कोण कुणाचं ते कोणीच सांगू शकत नाही.

आणि कमिटीवाल्यांनो, तुम्ही पण ऐका, सोसायटीला पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट पण बंद करता येत नाही, केंद्राच्या ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं 2015 चं सर्क्युलर आहे. शी उचलायला मात्र जरूर सांगा, त्यावर कोणी रागावलं तर माझं नाव सांगा.

लसीचं कार्ड बहुतेकांकडे असतं, फक्त ते फ्रिजवरच्या डब्यात असतं, जुन्या बिलांखाली. त्याचा फोटो काढा न् लायसनसाठी पालिकेच्या साईटवर टाका, दहा मिनिटांचं काम आहे, साईट चालू असेल तर.