आजारपणाचा पगार : ईएसआय किती, कंपनी किती

मित्रहो, कामगार प्रतिनिधी आणि एचआरची मंडळी आज एकाच सभागृहात बसली आहेत, म्हणून थेट हिशेबालाच हात घालतो. महिना १८,००० रुपये पगाराचा एक कामगार घ्या. रोजची सरासरी ६०० धरू. त्याला टायफॉइड झाला, ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, डॉक्टरांनी दहा दिवसांचं सर्टिफिकेट दिलं. घरात किती पैसे येतील?

ईएसआयचा आजारपणाचा लाभ सरासरी मजुरीच्या ७० टक्के, म्हणजे दिवसाला ४२०. पहिल्या दोन दिवसांचं मात्र काहीच मिळत नाही. आधीच्या आजारपणाचा लाभ मिळून पंधरा दिवस व्हायच्या आत माणूस पुन्हा पडला, तरच ही अट सुटते. उरलेल्या आठ दिवसांचे झाले ३,३६०. कामावर असता तर ६,००० मिळाले असते. तूट २,६४० रुपयांची. खोलीचं भाडं आजारपण बघून कमी होत नाही. माझं म्हणणं आहे की ही तूट कंपनीने भरावी, आणि तशी सोय नियमांत १९५० पासून आहे.

आज प्रत्यक्षात काय चालतं? काही ठिकाणी ‘तुला ईएसआय आहे ना’ म्हणून ते दिवस सरळ बिनपगारी टाकतात. याच्या उलट, काही कारखान्यांत चांगली भरपगारी सिक लीव्ह आहे. कामगार ती टाकतो, कंपनीकडून पूर्ण ६,००० घेतो आणि ईएसआयकडे फिरकतच नाही. तेव्हा त्याचं भागतं, हे खरं. पण दहा दिवसांची रजा संपली. आणि ज्या फंडात त्याचे महिन्याला १३५ आणि कंपनीचे ५८५ रुपये जातात, त्यातले हक्काचे ३,३६० तिथेच राहिले. दिवाळीनंतर तोच माणूस पुन्हा आजारी पडतो तेव्हा खात्यात रजा नसते.

दोन्हीकडून पूर्ण घेता येत नाही, हे स्पष्ट सांगतो. १९४८ च्या मूळ ईएसआय कायद्याच्या ६३ व्या कलमात म्हटलं होतं की ज्या दिवसाच्या रजेचा पगार मिळाला, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ मिळणार नाही. अपवाद फक्त नियमांत असेल तेवढाच. ईएसआयचं शाखा कार्यालय कंपनीकडून हजेरीची आणि पगाराची पडताळणी करून घेतं. ‘कोणाला कळतंय’ असा सल्ला देणारे मित्र असतात, त्यांचं ऐकू नका.

आता १९५० च्या नियमांतला ९७ वा नियम बघा. त्यात मालकाला ज्या मुभा आहेत, त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या. पहिली, अर्धपगारी सिक लीव्ह पूर्णपणे बंद करण्याची. त्या काळी सरकारी लाभच साधारण निम्म्या मजुरीइतका होता. म्हणजे अर्ध्या पगाराची जागा ईएसआयने घेतली. दुसरी मुभा माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कामगार आजारपणासाठी कंपनीची रजा घेतो तेव्हा त्याला त्या काळात मिळू शकणारा लाभ रजेच्या पगारातून वजा करता येतो. पूर्ण पगाराची रजा असेल तर लाभ वजा जाऊन कंपनीकडून उरतो तो फरक. म्हणजे दोन्ही पैसे एकत्र बसवायची कल्पना नियम करणाऱ्यांना मान्य होती. पहिली मुभा कंपन्यांना पाठ असते, दुसरीतून निघणारं देणं मात्र फारच थोड्या वेतनकरारांत उतरलेलं दिसतं.

तेव्हा करारात दोन वाक्यं घाला. पहिल्या दोन दिवसांचा पूर्ण पगार कंपनी देईल. पुढच्या दिवसांचा, ईएसआयचा लाभ वजा जाता, फरक कंपनी देईल. मघाच्या उदाहरणात १,२०० अधिक १,४४०, बरोबर २,६४०. पूर्ण रजेला लागणाऱ्या ६,००० च्या निम्म्याहूनही कमी. एचआरच्या मंडळींनी हा आकडा मालकापुढे ठेवावा. पडताळणीच्या कागदावर मात्र ही रक्कम ‘फरक’ अशीच दाखवा. नुसता ‘रजेचा पगार’ लिहिलात तर ६३ व्या कलमावर बोट ठेवून कामगाराचा दावा अडू शकतो. आणि करारात कलमांचे क्रमांक लिहू नका. हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, क्रमांक बदलतात. आशय लिहा.

लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंतच मिळतो. क्षयरोग, कॅन्सरसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत तो ८० टक्क्यांनी पुढे दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकतो, तिथे फरक आणखी कमी लागतो. बाळंतपणात पूर्ण सरासरी मजुरी मिळते, तिथे हा प्रश्नच नाही.

मला खरी काळजी आहे ती नव्या मुलांची. ईएसआयचे उपचार त्यांना पहिल्या दिवसापासून मिळतात, पण आजारपणाचे रोख पैसे साधारण नऊ महिन्यांनी सुरू होतात, तेही वर्गणीच्या काळात ७८ दिवस, किंवा नव्या माणसाचा पहिला काळ छोटा असेल तर त्यातले निम्मे कामाचे दिवस, भरले असतील तर. तोवर ‘फरक’ म्हणजे सगळा पगारच. कंत्राटी कामगाराचं तर सात-आठ महिन्यांत कंत्राट बदलतं, मध्ये खंड पडतो, दिवस भरत नाहीत. पर्मनंट कामगारांच्या करारात फरकाचं वाक्य घालताना, मुख्य कंपनीने कंत्राटदाराशी केलेल्या करारातही ते घालायला लावा, आणि त्यात ‘लाभ मिळत नसल्यास किमान सात दिवसांचा पूर्ण पगार’ हे शब्द जोडा.