"आमाला बी दुखायचं"

नमस्कार, श्रोतेहो. मिरजेत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मुलींच्या आयांकडून एक वाक्य मी सतत ऐकते, "पाळीत दुखायचंच की, आमाला बी दुखायचं." मुलीला धीर द्यायला आई तसं म्हणते. माझे मात्र कान टवकारतात. कारण ज्या आजाराबद्दल मी आज बोलणार आहे, तो आईला किंवा बहिणीला असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते. आईला दुखायचं, हा मुलीची तपासणी टाळण्याचा नव्हे, तर लवकर करण्याचा इशारा आहे.

या आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं आणि पाळीत बाहेर पडतं. या आजारात तसंच अस्तर गर्भाशयाच्या बाहेर रुजतं, बीजांडकोशावर, गर्भनलिकांवर, ओटीपोटाच्या पडद्यावर, कधी आतड्यावर किंवा लघवीच्या पिशवीवर. तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला वाट नसते. तिथं दाह होत राहतो, आणि पुढं पुढं आतले अवयव ओलसर गुळाच्या खड्यांसारखे एकमेकांना चिकटून बसतात. बीजांडकोशात जुनं रक्त साठून गाठ झाली, तर तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहातल्या एकीला हा आजार असतो. जगभरात सुमारे १९ कोटी जणींना. तरी निदान व्हायला कित्येक वर्षं जातात.

का जातात, ते सांगते. कवठेमहांकाळकडची एक कॉलेजातली मुलगी आईबरोबर आली होती. बाकाच्या टोकावर बसलेली, दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं. मी विचारायची तिला, उत्तर द्यायची आई. "पाळीच्या दिवसांत शौचाला जाताना दुखतं का?" असं विचारलं, तेव्हा आई गप्प झाली. तिला माहीतच नव्हतं. मुलगी हळूच म्हणाली, "लई दुखतंय. म्हणून त्या दिवसांत मी जेवतच नाही." हे तिला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून लक्षणं स्पष्टच सांगते. पाळीत इतकं दुखणं की शाळा, कॉलेज, रोजगार बुडतो. गोळी घेऊनही कळा न थांबणं. पाळी नसतानाही ओटीपोट आणि कंबर भरून येणं. त्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला दुखणं. शरीरसंबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणं; हे बायका नवऱ्यालाही सांगत नाहीत, तेव्हा डॉक्टरला तरी सांगा. आणि न उतरणारा थकवा. तासगावकडं द्राक्षाच्या विरळणीला जाणाऱ्या बायका दिवसभर हात वर करून मांडवाखाली उभ्या असतात. हजेरी बुडू नये म्हणून मेडिकलमधून गोळी आणायची आणि कामाला जायचं, असं वर्षानुवर्षं चालतं. त्या दुखण्याची नोंद कुठंच होत नाही.

सोनोग्राफी नॉर्मल आली की घरचे म्हणतात, "काय नाही, नाटकं करतीया." हे ऐकून मला फार वाईट वाटतं. गाठ असेल तर सोनोग्राफीत दिसते, पण लहान ठिपके दिसतीलच असं नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं, असं कधीच नसतं. कधी एमआरआय लागतो, कधी दुर्बिणीतून बघावं लागतं. मात्र लक्षणांवरून औषध सुरू करायला दुर्बिणीची वाट बघायची गरज नाही.

हा आजार मुळापासून घालवणारं औषध आज नाही, पण तो ताब्यात ठेवता येतो. आधी वेदनाशामक आणि हार्मोनच्या गोळ्या; गरज पडली तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. हार्मोनच्या गोळ्यांनी पुढं मूल होणार नाही, ही भीती खोटी आहे. "लग्न लावून द्या, एक मूल झालं की थांबतंय," हा सल्लाही सोडून द्या. गरोदरपणात काहींना आराम पडतो, पण आजार जात नाही. शिवाय या आजारात काहींना दिवस राहायला अडचण येते, मग त्याच मुलीला सासरी बोल लागतात. अशा वेळी दोघांचीही तपासणी करा, एकटीची नको.

आणि पिशवी, म्हणजे गर्भाशय. आपल्या भागात दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. पोट दुखतंय, काढून टाका, ही घाई आपल्याही गावांत आहे. हा आजार पिशवीच्या बाहेर असतो. पिशवी काढली तरी बाहेरचं तसंच राहिलं, तर दुखणं राहू शकतं. बीजांडकोशही काढले, तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. काही जणींना ही शस्त्रक्रिया खरोखर लागते, पण सगळे उपाय करून झाल्यावर, समजून उमजून. कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. सांगली आणि मिरजेच्या सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहेत. पाळी कोणत्या तारखेला आली, कुठल्या दिवशी किती दुखलं, कुठली गोळी घेतली, हे दोन-तीन महिने वहीत लिहून ठेवा. ती वही आणि जुने सगळे रिपोर्ट बरोबर न्या. नमस्कार.