पोस्ट कोणत्या बाजूची, हे ठरवणार कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणूक जवळ आली की आपल्या कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच वाद रंगतो. राजेंद्रनगरचे काका एखादी पोस्ट पुढे पाठवतात, रामबागेतल्या आत्या तिला उघड प्रचार म्हणतात, आणि काकांना मात्र ती निव्वळ माहिती वाटत असते. अशा पोस्टमधला राजकीय कल मोजता येतो का, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो मोजता येतो. परंतु सराफ्यातला जाणता सोनार वजन करण्याआधी रिकाम्या तराजूचा पासंग पाहतो, तसा येथे मोजणाऱ्याचा स्वतःचा कल आधी पाहावा लागतो.

यासंबंधी घडलेली एक गोष्ट मी विस्ताराने सांगतो. १९५१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठ आणि डार्टमथ कॉलेज यांच्या संघांत त्यांच्याकडच्या फुटबॉलचा सामना झाला. त्याच सुमारास आपला होळकर संघ रणजी करंडक गाजवत होता, १९५०-५१ चा करंडक त्यानेच जिंकला होता, आणि त्या संघाचा इतिहास इंदूरच्या प्रत्येक शाळेत शिकवला जावा असे माझे ठाम मत आहे, असो. प्रिन्स्टनचा डिक काझमायर हा त्या वर्षीचा अत्यंत नावाजलेला खेळाडू होता. दुसऱ्याच सत्रात त्याचे नाक मोडले आणि त्याला मैदान सोडावे लागले. पुढच्या सत्रात डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. सामना प्रिन्स्टनने जिंकला. पण दोन्हीकडच्या विद्यार्थी वृत्तपत्रांत पुढे कितीतरी दिवस एकच प्रश्न गाजत राहिला, की धसमुसळेपणा सुरू कोणी केला?

डार्टमथचे अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे हॅडली कॅन्ट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी या भांडणाचाच अभ्यास करायचे ठरवले. त्यांनी सामन्याची एकच चित्रफीत दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि जिथे नियमभंग दिसेल तिथे नोंद करायला सांगितले. लक्षात घ्या, फीत एकच, आणि सूचनाही त्याच. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंचे सरासरी ९.८ नियमभंग दिसले, आणि स्वतःच्या संघाचे ४.२. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना त्याच फितीत स्वतःच्या संघाचे ४.३ दिसले, आणि प्रिन्स्टनचे ४.४. पुन्हा सांगतो: डार्टमथच्या खेळाडूंचे तेच वागणे एका गटाने जवळजवळ दहा वेळा दोषी ठरवले, आणि दुसऱ्या गटाने जेमतेम चार वेळा.

याहून बोलका प्रसंग पुढेच आहे. ती फीत डार्टमथच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यासाठी दूरच्या गावी पाठवण्यात आली. तिथल्या एका प्रतिष्ठित माजी विद्यार्थ्याने ती आधी स्वतः पाहिली. आपल्या संघाच्या आडदांडपणाविषयी त्याने पुष्कळ ऐकले होते, आणि पडद्यावर तर त्याला तसे काहीच आढळेना. त्याने तातडीने तार केली. तिचा आशय असा होता, की फितीतला महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, खुलासा तारेने कळवावा, आणि गाळलेला भाग विमानाच्या टपालाने पाठवावा; फीत जोडण्याचे साहित्य आमच्यापाशी आहे. श्रोतेहो, त्या फितीतून काहीही कापलेले नव्हते! तो गृहस्थ खोटे बोलत नव्हता, त्याला ते खरोखरच दिसले नव्हते. हा अभ्यास १९५४ साली प्रसिद्ध झाला, आणि समाजमाध्यमांवरच्या पोस्टचा कल मोजू पाहणाऱ्या प्रत्येकाने कामाला बसण्यापूर्वी तो वाचावा, असे मला मनापासून वाटते.

कारण आजही ही मोजणी पुष्कळदा माणसांनी केलेल्या खुणांवरच उभी असते. काही जण हजारो पोस्ट वाचून ‘या बाजूची’, ‘त्या बाजूची’, ‘तटस्थ’ अशा खुणा करतात आणि संगणक त्यांवरून शिकतो. खुणा करणारे सगळे एकाच विचाराचे असले, तर संगणकही त्यांच्याच डोळ्यांनी पाहू लागतो. म्हणून एकच पोस्ट निरनिराळ्या माणसांना द्यावी लागते, आणि त्यांचे एकमत तपासावे लागते. त्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेले माप, कप्पा, वापरले जाते; निव्वळ योगायोगाने जुळलेल्या खुणा वजा करून खरे एकमत किती, ते हे माप सांगते. समजा, दोघांनी शंभर पोस्ट वाचल्या, प्रत्येकाने ऐंशींना तटस्थ आणि उरलेल्या विसांना ‘या बाजूची’ म्हटले, आणि एकूण ऐंशी पोस्टवर दोघांचे जुळले. हे उत्तम वाटते. पण डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी सुमारे अडुसष्ट जुळल्याच असत्या. योगायोगाने न जुळणाऱ्या बत्तीस उरतात, आणि त्यांपैकी खऱ्या एकमताच्या फक्त बारा.

दुसरी पद्धत शब्दांची आहे. अमेरिकेतील गेन्ट्झकाव आणि शापिरो या अर्थशास्त्रज्ञांनी वारशावरच्या कराला रिपब्लिकन सदस्य ‘डेथ टॅक्स’ म्हणतात आणि डेमोक्रॅट ‘इस्टेट टॅक्स’, अशा फरकांवरून वृत्तपत्रांचा कल मोजला. आपल्याकडे २०२० साली संसदेने केलेल्या तीन कायद्यांना कोणी कृषी सुधारणा म्हणत होते, तर कोणी काळे कायदे. पद्धत उपयोगी आहे. मात्र खोडून काढण्यासाठी विरोधकाचा शब्द उद्धृत केला, तर निव्वळ मोजणीला ते कळत नाही.

पोस्टचा कल निराळा आणि ती कोणाला दाखवायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा निराळा, हेही विसरू नये. ट्विटरच्या संशोधकांनी २०२१ साली सात देशांचा अभ्यास जाहीर केला. त्यात जर्मनी सोडून उरलेल्या सहा देशांत उजव्या पक्षांच्या लोकप्रतिनिधींचे ट्वीट त्या यंत्रणेने डाव्यांपेक्षा अधिक पसरवलेले आढळले. त्या सातांत भारत नव्हता.

आणि आपली इंदुरी मराठी? ती हिंदीत मिसळलेली असते, अनेकदा रोमन अक्षरांत लिहिलेली असते (मराठी फोनवरही देवनागरीतच लिहावी, असा माझा आग्रह आहे), आणि तिच्यातला टोमणा पुण्याच्या वृत्तपत्रांवर शिकलेल्या संगणकाला उमगणे कठीण. तेव्हा आपल्या विद्यापीठातल्या कोणा विद्यार्थ्याने हे काम हाती घेतलेच, तर खुणा करणारी माणसे इथलीच निवडावीत, त्यांत काकाही असावेत आणि आत्याही. आणि ज्या पोस्टवर त्यांचे पटणार नाही ती वगळू नये, कोणी कोणती खूण केली यासह ती जशीच्या तशी नोंदवावी.

नमस्कार.