त्या काळी आम्ही पण होतो

नमस्कार. जुन्या चित्रपटांतल्या जातिवाचक शब्दांवर बोला, असा निरोप आला आणि मला एक संध्याकाळ आठवली. तिथूनच सुरुवात करतो.

सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या फिल्म क्लबने एक जुना मराठी बोलपट लावला होता. टिळक रस्त्याच्या आतल्या बाजूचं लहान सभागृह, साठेक माणसं. चित्रपटात एक प्रसंग येतो. वाड्यासमोर एक माणूस पाठ वाकवून उभा आहे. पायरीवरून पाटील त्याला हाक मारतो ती नावाने नाही, जातीने, आणि जातीच्या नावाला तो 'ड्या' जोडतो. सभागृहात दोघं-तिघं हसले. पाटलाचं काम करणाऱ्या नटाचा ठसका तसा होता हे खरं. पण हसले.

नंतरच्या चर्चेत एका मुलीने विचारलं, "हा शब्द काढून का टाकत नाहीत?" आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अगं, त्या काळी असंच बोलायचे." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. तेवढ्यात ताडीवाला रस्त्यावरून मुलाबरोबर आलेल्या एक आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "त्या काळी आम्ही पण होतो की. तुमच्या तोंडी होता तो शब्द. आमच्या कानात होता."

त्या दिवसापासून 'त्या काळी असंच बोलायचे' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. कारण ते खरं नाहीच. शब्द ज्यांना लावला जात होता त्यांना तो तेव्हाही बोचत होता आणि ते तसं सांगतही होते.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. 11 फेब्रुवारी 1933 रोजी गांधीजींच्या 'हरिजन' साप्ताहिकाचा पहिला अंक इथे पुण्यात निघाला. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. 'अस्पृश्य' म्हणण्यापेक्षा हा शब्द मायेचा, असं अनेक सज्जनांना मनापासून वाटलं. पण 1938 मध्ये मुंबईच्या विधानसभेत एका विधेयकात 'हरिजन' शब्द आला, तेव्हा बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पक्षाच्या सदस्यांनी निषेध म्हणून सभात्याग केला. आम्हाला काय म्हणायचं हे आम्हाला विचारा, एवढीच साधी मागणी होती. ती मान्य झाली नाही. म्हणजे आज ज्याला आपण नवी संवेदनशीलता म्हणतो, ती 1938 मध्ये विधानसभेच्या कामकाजात नोंदली गेली आहे. ऐकणारे उशिरा आले, इतकंच.

आता त्याच वर्षांतला सिनेमा पाहा. 1935 मध्ये इथल्याच प्रभात स्टुडिओत शांतारामबापूंनी एकनाथांवर चित्रपट केला, बालगंधर्व एकनाथ झाले. चित्रपटाचं नाव आधी 'महात्मा' होतं. सेन्सॉरने हरकत घेतली आणि ते 'धर्मात्मा' झालं. हे मुद्दाम सांगतो, कारण जुना चित्रपट म्हणजे जणू शिळेवर कोरलेला लेख, त्यातलं अक्षर कधी हललंच नाही, असं आपण बोलतो. सत्तेला नको असलेला शब्द तेव्हाही बदलला जातच होता.

पुढच्याच वर्षी मुंबईत 'अछूत कन्या' आला. शीर्षकातच तो शब्द. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण त्यातली अस्पृश्य नायिका कस्तुरी झाली देविकाराणी, टागोर घराण्याशी नात्याने जोडलेली, आणि शेवटी कस्तुरी रेल्वेखाली जाते. प्रेक्षकाने रडायचं आणि घरी जायचं. ज्या मुलीवर आपण रडतो, तिला तिकीट काढून शेजारच्या खुर्चीवर बसलेली आपण कल्पिली होती का?

माझ्या लेखी सगळं इथे आहे: तो शब्द उच्चारला जातो तेव्हा कॅमेरा कुठे उभा असतो? आमच्या त्या बोलपटात तो पाटलाच्या पायरीवर होता. वाकलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसलाच नाही, पाठच दिसली. 2013 च्या 'फँड्री'तही जातीवरून हाक मारतात, चिडवतात, आणि ती भाषा जराही सौम्य केलेली नाही. पण तिथे आपण जब्याच्या, त्यातल्या शाळकरी नायकाच्या, बाजूला उभे असतो. शेवटी त्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्या अंगावर येतो. त्या दगडापुढे हसायची कोणाची हिंमत होत नाही.

मग जुन्या चित्रपटांतून शब्द काढायचे का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते मी आजींना विचारल्यानंतर दिलेलं आहे. अलीकडे टीव्हीवर तो शब्द मुका करतात. ओठ हलतात, आवाज नाही. मी तसा एक प्रसंग पाहिला. शब्द पुसला होता, वाकलेली पाठ तशीच होती. आता ती का वाकली आहे, हे शाळेतल्या मुलाला कळणार कसं? शिवाय आपल्याकडे जुने चित्रपट उरलेत किती? 2003 च्या जानेवारीत इथेच पुण्यात आग लागून नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची, कितीतरी रिळं जळाली. जे उरलं आहे त्याची मूळ प्रत आवाजासकट जशीच्या तशी राहायला हवी.

पण जपणं वेगळं आणि लोकांपुढे लावणं वेगळं. 2020 मध्ये अमेरिकेत 'गॉन विथ द विंड' काही दिवस काढून घेतला आणि एका कृष्णवर्णीय अभ्यासक बाईंच्या प्रास्ताविकासह परत दाखवला. मला हे पटतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्या राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. तेही हवंच होतं. वस्तीत माणसं आज राहतात, रोज तो पत्ता अर्जावर लिहितात. चित्रपटाचं तसं नाही. तो बदलून चालणार नाही, त्याच्या आधी कोणीतरी बोलायला हवं.

आणि कोणी बोलायचं, हेही ठरवायला हवं. इतकी वर्षं प्रास्ताविक मी करत आलो, माझ्यासारखेच करत आले.

तो बोलपट येत्या रविवारी आम्ही पुन्हा लावतोय, न कापता. आजी आता नाहीत. त्यांचा मुलगा सुरुवातीला पंधरा मिनिटं बोलणार आहे. सहाला दिवे मालवतील, त्याआधी येऊन बसा.