शिसपेन्सिलीत शिसं नसतंच

माईक चालतोय ना? बरं. आज शिसं आणि पारा आपल्या घरात, अंगात कसे शिरतात त्याबद्दल बोलायचंय.

आधी एक गंमत. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ते ग्राफाइट, म्हणजे कार्बन. तरी लहानपणी पेन्सिल चावली की आई धपाटा घालायची आणि शनिवारी तीच आई मारुतीला शेंदूर लावायला पाठवायची, आणि खरा शेंदूर म्हणजे काय, तर शिशाचंच ऑक्साइड! देवाला माझा विरोध नाही हो, पण शेंदूर लावलेलं बोट न धुता प्रसादाला लावू नका एवढंच.

मी या ठाणे-बेलापूर पट्ट्यात बरीच वर्षं सेफ्टीचं काम केलं. एका शिशाच्या बॅटऱ्यांच्या कारखान्यात, नाव नको, एक ऑपरेटर होता, ड्युटी सुटली की तसाच युनिफॉर्मवर घरी जायचा, दारातच पोरगी अंगावर उडी मारायची आणि ते शिशाच्या धुळीचे कपडे तिच्या फ्रॉकबरोबर एकाच बादलीत भिजायचे. तिचं पोट सारखं दुखायचं, संडासला कडक, चिडचिड, जंताचं औषध दोनदा झालं. मग कोणीतरी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं आणि आकडा बघून सगळे गप्प. कारखान्यात शॉवर होता, पण आत भंगार भरलेलं, आणि चेकलिस्टवर ‘शॉवर आहे’ म्हणून टिक करणारा मीच होतो. ते अजून डोक्यातून जात नाही.

आता हे होतं कसं, तर शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडात जाऊन बसलं की वीस-तीस वर्षंसुद्धा मुक्काम. मग बाई गरोदर राहिली, बाळासाठी हाडातलं कॅल्शियम निघायला लागलं की त्याच्यासोबत तिच्या लहानपणचं शिसंही बाहेर येतं. लहान मुलं तर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषतात, त्यात लोह कमी असेल तर अजून जास्त. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सुरक्षित पातळी अशी नाहीच. औषधाने रक्तातलं शिसं काढता येतं, मेंदूचं झालेलं नुकसान नाही भरून येत.

पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली बंद झालं, ते फार चांगलं झालं. रंगात शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ पासून आहे, म्हणजे नौपाड्यातल्या जुन्या चाळीतला, जुन्या बिल्डिंगमधला दारा-खिडक्यांचा रंग त्याआधीचाच. तो कोरडा घासायचा नाही, ओला करून काढायचा, आणि पोरांना तेवढे दिवस मामाकडे पाठवा!

कल्हईचं कोणीतरी विचारलं होतं. कल्हई कथलाचीच हवी, पण कथील महाग म्हणून काही जण शिसं मिसळतात आणि नंतर त्याच पातेल्यात आपण चिंचेची आमटी उकळतो, आंबटाने शिसं सुटतं. ओळखीच्या कल्हईवाल्याकडेच जा.

पारा थोडक्यात. थर्मामीटर फुटला तर झाडू नको, व्हॅक्यूम तर अजिबात नको, खिडकी उघडा, जाड कागदाने थेंब गोळा करा. मिनामाटा ऐकलंय ना, जपान, १९५६? कारखान्याचा पारा समुद्रात, तिथून माशात, माशातून माणसात. आता सगळे विचारतात, ठाण्याच्या खाडीची मासळी खायची की नाही. मोठा मासा लहान माशांना खात खात पारा साठवतो, म्हणून मुशी, म्हणजे शार्क, वारंवार नको, गरोदर बायकांनी तर नकोच. मांदेली, बोंबील त्या मानाने बरे. पण खाडीच्या गाळात इतकी वर्षं सांडपाणी गेलंय, तेव्हा त्यातल्या कालवा-शिंपल्यांबद्दल मला विचारलंत तर मी स्वतः खात नाही, आणि हे सांगताना समोर बसलेल्या कोळी बांधवांकडे बघायची माझी हिंमत होत नाही.