झुआरीच्या तळातला काळा चिखल

हा बघा, आपल्या गोव्यातल्या झुआरी नदीचा तळ. म्हणजे तळाचा हातभर तुकडा. सकाळी ओहोटीला चिखलीच्या बाजूला गुडघाभर गाळात उभं राहून साधा पीव्हीसी पाइप खाली दाबला, वरचं तोंड झाकणाने घट्ट बंद केलं आणि ओढून काढला, त्यात एक चप्पल आत राहिली ती राहिलीच.

आता फळीवर ढकलूया. वरचा पेरभरसुद्धा नाही एवढा थर तपकिरी, ऑक्सिजन तिथपर्यंतच पोचतो. त्याखाली राखाडी, मग काळाकुट्ट, आणि वास कुजक्या अंड्याचा. कॅमेऱ्यावाला मागे सरकला म्हणून फ्रेम हलली, सॉरी.

वास आला म्हणून लगेच प्रदूषण प्रदूषण करू नका हां, खाडीच्या चिखलाला तो असतोच. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे अडीच ग्रॅमच्या वर सल्फेट असतं, खाली ऑक्सिजन नाही म्हणून बॅक्टेरिया त्यावर जगतात आणि सल्फाइड सोडतात. पण त्यात आपण काय ओतलं ते बघा. खाणींचा माल, म्हणजे लोहखनिज, बार्जेसनी, म्हणजे मालवाहू सपाट बोटींनी, याच नदीतून मुरगाव बंदराला जायचा, २०१०-११ ला गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांच्या वर गेला, चढवताना-उतरवताना सांडायचा, आणि पावसात डंपची, म्हणजे खाणीबाहेर टाकलेल्या ढिगाऱ्यांची, लाल माती ओहळांतून नदीत. त्यात लोह, मँगनीज भरपूर. ऑक्सिजन संपला की दोन्ही विरघळायला लागतात, आणि लोहाला चिकटलेलं फॉस्फेट, आर्सेनिक जे काय असेल तेही मोकळं होतं. मग लोहाला सल्फाइड भेटतं आणि हा काळा रंग येतो. तांबं, शिसं, जस्त आलं तर त्यांनाही सल्फाइड इथेच धरून ठेवतं, म्हणजे घाण दिसणारा थरच खरं तर राखण करतोय.

बोटींच्या जुन्या रंगातलं टीबीटी, म्हणजे बुडाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून घालायचे ते कथिलाचं विषारी रसायन, तर वेगळंच, २००८ पासून जगभर बंदी, पण बिनऑक्सिजनच्या गाळात ते वर्षानुवर्षं टिकतं.

खाणी २०१२ ला थांबल्या, सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद झाल्या, हे तुम्हाला पाठ आहे. मला धास्ती ड्रेजिंगची, म्हणजे यंत्राने तळाचा गाळ उपसण्याची. गाळ ढवळला की सल्फाइडपर्यंत ऑक्सिजन पोचतो, ते मोडतं, धरलेले धातू पाण्यात सुटू शकतात, आणि तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, तेच पाणी गाळून जगतात. मागे मावशी टोपलीत वेचतायत त्या.

बोलता बोलता तास गेला. फळीवर झूम कर रे. काळ्या चिखलाच्या कडा बघा, तपकिरी व्हायला लागल्यात.