आले त्यांची चर्चा झाली, पण जे निघालेच नाहीत त्यांचं काय?

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)

नमस्कार. मागच्या मंडळींनी पुढे या बरं, खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि माईकचा आवाज तिथपर्यंत पोहोचेल याची गॅरंटी नाही.

स्थलांतराचा विषय निघाला की आपण नागपूरकर एका दमात दोन तक्रारी करतो. एक, बाहेरचे येऊन आपल्या पोरांचं काम घेऊन राहिले. दोन, आपली पोट्टी सगळी पुण्याला चालली, इथं आता म्हातारेच उरतील. म्हणजे मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा माणूस इथं आला तर त्याने काम हिसकावलं आणि आपला पोरगा हिंजवडीला गेला तर त्याने नाव काढलं! पुण्याच्या कुठल्या घरमालकाला विचारा, त्याच्या मते आपला पोरगा काय करून राहिला ते.

तसं पाहिलं तर हे शहरच आलेल्या लोकांनी वसवलंय. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, १८७७ ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून गावोगावहून आलेले कामगार, फाळणीनंतर जरीपटक्यात वसलेले सिंधी. पण इतिहासात फार शिरत नाही, तो आपल्याला पाठ आहे आणि भांडताना त्याचा उपयोग शून्य.

मुद्दा असा की बाहेरून माणसं आली की स्थानिक माणसाची मजुरी पडते का? ऐकायला सोपा वाटतो, मोजायला महाकठीण. कारण माणसं जिथे काम वाढतंय तिथेच जातात. बुटीबोरीत कारखाने वाढले तर तिथे बाहेरचे मजूरही वाढणार आणि मजुरीही वाढणार, मग त्या आकड्यावरून तुम्ही काय म्हणणार, मजुरांमुळे मजुरी वाढली? म्हणून अर्थशास्त्रज्ञ अशी घटना शोधतात की माणसं आली, पण आली ती तिथल्या कामामुळे नाही, दुसऱ्याच कुठल्या कारणाने.

अशी घटना १९८० ला मिळाली. क्युबात कॅस्ट्रोने जाहीर केलं की ज्यांना जायचं त्यांनी मारिएल बंदरातून जावं, आणि एप्रिल ते ऑक्टोबर या काळात साधारण सव्वा लाख माणसं बोटींनी अमेरिकेतल्या फ्लोरिडाला पोहोचली. त्यातली बरीचशी मायामीतच राहिली, शहरातले कामगार एका फटक्यात ७ टक्क्यांनी वाढले. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी मग मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजलिस आणि टॅम्पा या शहरांशी केली. १९९० ला निबंध आला. निष्कर्ष असा की कमी शिकलेल्या स्थानिकांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात या धर्तीच्या कामाचा मोठा वाटा आहे.

पण वाद संपला नाही. जॉर्ज बोर्हास हे हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ, स्वतः हवानात जन्मलेले आणि लहानपणी १९६२ ला क्युबातून आलेले, म्हणजे ज्या माणसांची चर्चा चाललीय त्यांच्यातलेच. त्यांनी त्याच घटनेचा सरकारी सर्व्हेचा डेटा परत काढला आणि फक्त शाळा अर्धवट सोडलेले, स्पॅनिश वंशाचे नसलेले पुरुष बघितले, तर म्हणे मजुरी १० ते ३० टक्के पडलेली! आता इथे जरा थांबा, कारण अशा अभ्यासांची खरी गंमत इथेच आहे. इतक्या चाळण्या लावल्यावर सर्व्हेत माणसं उरतात किती? अगदी मोजकी. आणि मग मायकेल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी दाखवलं की नेमकं त्याच सुमारास सर्व्हेची पद्धत सुधारली, त्या छोट्या गटात कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण एकदम वाढलं, आणि त्यांची मजुरी आधीपासूनच कमी होती. म्हणजे मजुरी पडली की मोजली गेलेली माणसंच बदलली? माझं मत विचाराल तर मला क्लेमेन्स आणि हंट यांचं म्हणणं पटतं, पण बोर्हासांचा एक मुद्दा मी सोडत नाही. सरासरी ठीक दिसत असली तरी तळाच्या माणसाचं काय, हे वेगळं विचारलंच पाहिजे. आणि फटका बसतो कोणाला? बऱ्याच अभ्यासांत तो आधी आलेल्या स्थलांतरितांनाच जास्त बसलेला दिसतो, कारण नवा माणूस नेमकं त्यांचंच काम करायला येतो.

हे इथे पाहायचं असेल तर सकाळी कुठल्याही ठिय्यावर, म्हणजे मजूर कामाची वाट बघत बसतात त्या नाक्यावर जा. घमेले, थापी, फावडं घेऊन माणसं बसलेली असतात, मिस्त्री वेगळे, रेजा म्हणजे मजूर बाया वेगळ्या, छत्तीसगढची जोडपी एका बाजूला गट करून. ठेकेदार मोटरसायकल बंदही करत नाही, बोटांनीच सांगतो किती माणसं पाहिजे. आठ-साडेआठला जो भाव सांगतात तो दहाच्या पुढे कोणी सांगत नाही, कारण दहानंतर उरलेला माणूस मिळेल त्याला हो म्हणतो. आता त्या ठिय्यावर नवा आलेला गोंदियाचा माणूस भाव कोणाचा पाडतो? धरमपेठेतल्या बीकॉम झालेल्या पोराचा नाही. मागच्या वर्षी आलेला राजनांदगावचा माणूस आणि हा, त्या दोघांत ती स्पर्धा आहे.

बरं, याच्या उलट करून बघितलं तर? आलेल्यांना हाकलून लावलं तर स्थानिकांची मजुरी वाढते का? हाही प्रयोग झालाय. अमेरिकेत १९४२ पासून ब्रासेरो नावाची योजना होती, मेक्सिकोचे मजूर हंगामापुरते शेतावर यायचे. स्थानिकांची मजुरी वाढावी म्हणून सरकारने ती १९६४ च्या शेवटी बंद केली, जवळपास ५ लाख मजूर बाहेर. क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टेल यांनी जुने कागद खणून तपासलं. मजुरी काही वाढली नाही हो! शेतकऱ्यांनी काय केलं, तर टोमॅटो तोडायचं यंत्र तयार होतंच, ते घेतलं, आणि ज्या पिकाला यंत्र नव्हतं ते पीक कमी केलं. आपल्याकडे मजूर मिळत नाही म्हणून कापूस सोडून सोयाबीनकडे वळलेले शेतकरी या हॉलमध्येही असतील, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येतो. आपण येणाऱ्यांवर एवढं बोलतो, पण भारतात अर्थशास्त्रज्ञांना कोडं पडलंय ते भलतंच. माणसं एवढी कमी का जातात? तुम्ही म्हणाल काय बोलून राहिले सर, लॉकडाऊनमध्ये रस्ते माणसांनी भरले होते. भरले होते, खरंय. पण जुलै २०२० ते जून २०२१ चा सरकारी श्रमबल सर्व्हे बघा, स्थलांतरितांचं प्रमाण २८.९ टक्के, बायकांमध्ये ४७.९ आणि पुरुषांमध्ये १०.७. बायकांचा आकडा एवढा मोठा का, तर लग्न करून सासरी गेल्या म्हणून. कामासाठी घर सोडून कायमचं दुसरीकडे जाणारा पुरुष आपल्या देशात तसा कमीच.

आणि सगळ्यात चटका लावणारा आकडा सीमेचा आहे. वर्ल्ड बँकेशी संबंधित संशोधकांनी २००१ च्या जनगणनेवरून दाखवलं की दोन जिल्हे एकमेकांना लागून आणि एकाच राज्यात असतील तर त्यांच्यात जेवढी ये-जा होते, ती मधे राज्याची सीमा असलेल्या शेजारी जिल्ह्यांपेक्षा निदान ५० टक्के जास्त. ना नदी आडवी, ना डोंगर. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याहून नागपूर जवळ की भोपाळ? सगळ्यांना माहीत आहे. दवाखान्याला माणूस नागपूरलाच येतो, पण राहायला यायचं तर राशन कार्ड तिकडचं, पोरांच्या शाळेत भाषा वेगळी, कॉलेजला डोमिसाइल, सरकारी नोकरीत राज्याचा कोटा. सीमेवर पोलीस लागत नाही, कागदच पुरतो.

दुसरं कारण भीती. बांगलादेशात रंगपूर भागात आश्विन-कार्तिकात, धान कापणीच्या आधी, दरवर्षी उपासमारीचे दिवस यायचे, त्याला तिथे मोंगा म्हणतात. शहरात काम होतं तरी लोक जायचे नाहीत. ब्रायन, चौधरी आणि मुबारक यांनी २००८ ला काही घरांना ६०० टाका दिले, बसभाड्यापुरते, एका माणसाने शहरात कामाला जायचं एवढीच अट. शंभरातल्या २२ जादा घरांतून माणूस बाहेर पडला, ज्यांनी पाठवला त्यांचं घरचं खाणंपिणं जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढलं, आणि पुढच्या वर्षी पैसे न देताही बरेच जण पुन्हा शहरात गेले. मग अडलं होतं कशाने? काम नाही मिळालं तर घरचे उपाशी मरतील याने. आपल्या कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी भारताबद्दल असंच काही मांडलं, गावात अडीअडचणीला जातवाले भाऊबंद उभे राहतात, माणूस शहरात गेला की तो आधार तुटतो, म्हणून शहरात मजुरी चांगली असूनही पाय निघत नाही. जातीचं हे रूप आपण कधी हिशोबात धरतच नाही.

आता हेही सांगितलं पाहिजे की रंगपूरची योजना २०१७ ला खूप मोठी केली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही आणि २०१९ ला ती चालवणाऱ्या संस्थेने ती बंद करून टाकली. छोट्या प्रयोगातलं मोठ्यात होईलच असं नाही. मला मात्र ती बंद करणारी संस्था आवडली, आपल्याकडे न चालणारी योजना कोण बंद करते हो?

आणि जो गेला त्याचं भलं होतं का? टोंगा देशातून न्यूझीलंडला जायला लॉटरी लागते, नाव निघालं तर जा, नाही तर बसा. जिंकलेले आणि हरलेले यांची तुलना केली तर जाणाऱ्यांचं उत्पन्न साडेतीन पटीच्या वर गेलं. मन थोडं हलकं झालं, पण ब्लडप्रेशर वाढलं! पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरांच्या आईवडिलांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

शेवटी एक प्रश्न आला होता चिठ्ठीवर, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यांना या सगळ्याचा उपयोग काय? प्रश्न चांगला आहे. २०१९ ला एक देश एक राशन कार्ड सुरू झालं, महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या दोन जोड्यांपासून, आणि २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोहोचलं. त्यात एक सोय आहे जी फार कमी लोकांना माहीत असते, बाई तिकडे असताना तिच्या वाट्याचं धान्य तिकडे उचलू शकते आणि घरचे उरलेलं इकडे. पण त्यासाठी आधार जोडलेलं पाहिजे, मशीनवर अंगठा लागला पाहिजे, आणि दिवसभर मिरची तोडलेल्या बोटांचा अंगठा मशीन किती वेळा घेते हे तिकडच्या कुठल्याही राशन दुकानदाराला विचारा. शिवाय पोरं सोबत नेली तर शाळा बुडते, घरी ठेवली तर आजीच्या गळ्यात. त्यावर हंगामी वसतिगृहांची योजना कागदावर आहे, ती कुठल्या तालुक्यात चालते आणि कुठल्या नाही यावर माहिती काढायची असेल तर चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी नंतर थांबा, आपण बसून बोलू.